ट्रॅक्टर शोरूमला लावायच्या आधी: मजुरीचं बिल कसं समजून घ्यायचं

नवीन ट्रॅक्टर घेतलेल्या पोरांचे मला फोन येतात आणि बहुतेक वेळा बिल हातात पडल्यावरच येतात. दादा, पार्ट आले दोन-अडीच हजाराचे आणि मजुरी लावलीय सहा हजार, हे असं कसं? आता बिल निघाल्यावर मी काय सांगणार, ट्रॅक्टर त्यांच्या शेडमध्ये उभा, घरी पेरणी थांबलेली, पैसे भरण्याशिवाय रस्ता नसतो. म्हणून जे काही आहे ते ट्रॅक्टर शोरूमच्या गेटात शिरायच्या आधी माहीत पाहिजे. पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवून आणि शोरूम-मिस्त्री दोन्हीकडे भरपूर पैसे घालून जे कळलं ते इथं लिहितोय, नवीन माणसाला उपयोग व्हावा एवढ्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मजुरी पार्टची नसते, त्या पार्टपर्यंत पोचण्याची असते. पार्ट चारशेचा असो नाहीतर चार हजाराचा, तिथपर्यंत जायला जेवढं खोलायला आणि परत जोडायला लागतं त्याचे पैसे असतात. हे एकदा कळलं की बिलातली अर्धी कोडी आपोआप सुटतात, आणि मजुरी कुठं वाचवता येते तेही कळतं.

माझंच सांगतो. माझा 45 एचपीचा ट्रॅक्टर, क्लच घसरायला लागला, रोटावेटर लावला की इंजिन ओरडायचं पण गाडी पुढं जायची नाही. एका वर्कशॉपला लावला. क्लच प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टरचे दोन तुकडे करावे लागतात, ज्यांनी बघितलं नाही त्यांना खरं वाटत नाही पण तसंच असतं. बॉनेट काढतात, बॅटरी, वायरिंग, स्टिअरिंगची आणि हायड्रॉलिकची कनेक्शनं सोडवतात, मग पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकतात कारण पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलता असतो, पाचर नसेल तर तुकडे झाल्यावर इंजिन एका अंगाला कलंडतं. मग गिअरबॉक्सखाली जॅक लावून बोल्ट काढतात आणि मागचा भाग हळूहळू मागं सरकवतात. हे सगळं दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. क्लच प्लेट स्वतः बदलायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो. मला मजुरी लागली साडेसहा हजार. ठीक आहे म्हटलं, भरले.

दोन महिन्यांनी परत तेच, क्लच घसरतोय. परत तुकडे केले तेव्हा मी शेजारीच उभा होतो, बॅटरी मारून बघितलं तर नवीन प्लेट इंजिन ऑइलनं काळी ओलीचिंब. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गळत होतं. ते सील फ्लायव्हीलच्या मागंच असतं, पहिल्या वेळी ट्रॅक्टर उघडा पडलेला होता तेव्हाच बदलायला पाहिजे होतं, चारशेच्या आतला पार्ट. तो कुणी बदलला नाही, मला कुणी विचारलंही नाही आणि मलाही विचारायचं कळलं नाही. परत साडेसहा हजार मजुरी, परत नवीन प्लेट आणि उसाच्या लागणीत तीन दिवस गाडी उभी. हा धडा मला महागात पडला, तुम्हाला पडू नये.

आता एकेक पायरी घेऊ.

पहिलं, घरी बघून घ्या

शोरूमला फोन करायच्या आधी पंधरा मिनिटं स्वतः ट्रॅक्टरपाशी घालवा. आवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा लिहा, चॅसी नंबर आणि इंजिन नंबरचा फोटो काढून ठेवा. त्रास कधी होतो ते नीट आठवा, थंड असताना का गरम झाल्यावर, लोड असताना का मोकळा चालताना. आवाज येत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण वर्कशॉपला नेलं की आवाज हमखास बंद होतो आणि मग मेकॅनिक शोधत बसतो, त्या शोधण्याचा वेळ तुमच्या बिलात येतो.

काही गोष्टी तर न खोलताच तपासायच्या असतात. क्लच घसरतोय? आधी पॅडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच लागायच्या आधीची पॅडलची मोकळी चाल, बघा, मॅन्युअलमध्ये किती ठेवायचा ते दिलेलं असतं, बऱ्याच वेळा ते अ‍ॅडजस्टमेंटनं सुटतं आणि हे दहा मिनिटांचं काम आहे. मागची लिफ्ट अवजार उचलत नाही? आधी ऑइलची लेव्हल बघा, मग हायड्रॉलिकचा फिल्टर किंवा जाळी, लिफ्ट खोलायची गोष्ट त्यानंतर. इंजिन डिझेल नीट ओढत नाही तर आधी डिझेल फिल्टर आणि पाईपातली हवा बघा, पंप उतरवायची भाषा कुणी पहिल्याच दिवशी करत असेल तर थांबा. सेल्फ मारत नाही तर बॅटरीचे टर्मिनल साफ करून घट्ट करा. मला असं वाटतं की शोरूमला जाणाऱ्या कामांपैकी बरीच कामं इथंच मिटली असती.

आणि एक खास गोष्ट. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जे हाऊसिंग असतं, म्हणजे क्लच जिथं असतो तो भाग, त्याच्या बुडाला बऱ्याच ट्रॅक्टरला एक छोटं भोक असतं आणि त्यात पिन लटकत असते. तिथं खाली वाकून बोट लावा. कोरडं असेल तर छान. ऑइल लागलं तर रंग बघा, काळं पातळ असेल तर इंजिनकडचं सील, पिवळसर किंवा तपकिरी आणि जाडसर असेल तर गिअरबॉक्सकडचं सील. एवढं तुम्ही जॉबकार्ड (ट्रॅक्टर कामाला घेताना वर्कशॉप भरतं तो कागद) लिहिताना सांगितलं की समोरचा सुपरवायझर तुमच्याशी वेगळ्या पद्धतीनं बोलायला लागतो, हे मी अनुभवानं सांगतो.

वॉरंटी आणि फ्री सर्विस

फ्री सर्विस म्हणजे फक्त मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर, कूलंट याचे पैसे लागतातच, यात फसवणूक नाही, पण विकताना कुणी नीट सांगत नाही म्हणून लोक भडकतात. पहिली सर्विस साधारण 50 तासांना असते, ती अजिबात चुकवू नका, नवीन इंजिनातला धातूचा बारीक चुरा त्या पहिल्या ऑइलबरोबर बाहेर येतो.

वॉरंटी वर्षं किंवा तास, जे आधी भरेल त्यावर संपते. वॉरंटीतल्या कामाला पार्टही कंपनीचा आणि मजुरीही कंपनी डीलरला देते, तुमच्याकडून मागायची नसते. पण क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, रबरी पार्ट हे झिजणारे म्हणून वॉरंटीत सहसा येत नाहीत, आणि टायर-बॅटरीची वॉरंटी ज्याच्या-त्याच्या कंपनीची असते. दोन कारणांनी क्लेम उडतो, वेळेवर सर्विस न करणं आणि वॉरंटी चालू असताना बाहेरच्या माणसानं इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलणं. त्यामुळे वॉरंटी आहे तोवर मोठं काम गावातल्या मिस्त्रीकडं करू नका, तो कितीही हुशार असला तरी.

मजुरीचा दर विचारायचा कसा

दोन पद्धती असतात. एक म्हणजे कामावर ठरलेला रेट, क्लचला एवढे, हाफ इंजिनला (क्रँक न काढता केलेलं इंजिनकाम) एवढे, फुल इंजिनला (क्रँकसकट) एवढे, लिफ्टला एवढे. दुसरी म्हणजे तासावर. शोरूममध्ये बहुतेक पहिली असते आणि तिचा लेबर चार्ट असतो, कंपनी प्रत्येक कामाला किती वेळ लागायला पाहिजे ते ठरवून देते आणि डीलर त्याला आपला दर लावतो. म्हणूनच एकाच कंपनीच्या दोन तालुक्यांतल्या डीलरची मजुरी वेगळी निघते. चार्ट दाखवा म्हणायला लाजू नका, तो काही गुपित नसतो.

विचारताना असं विचारा: भाऊ, क्लचची मजुरी किती, त्यात काय काय धरलंय? ट्रॅक्टर तोडणं-जोडणं धरलंय का, फ्लायव्हील काढणं धरलंय का, शेवटचं क्लच सेटिंग आणि ब्रेक सेटिंग धरलंय का? आणि मग महत्त्वाचा प्रश्न, तुकडे झालेच आहेत तर सील आणि बेअरिंग बदलायची वेगळी मजुरी लावणार का? कारण चार्टवर क्रँकचं मागचं सील बदलणं हे वेगळं काम म्हणून लिहिलेलं असतं आणि त्यातही ट्रॅक्टर तोडण्याचा वेळ धरलेला असतो. दोन्ही ओळी बिलात आल्या तर तुम्ही एकदा तोडलेल्या ट्रॅक्टरचे दोनदा पैसे देता. बरेच सुपरवायझर हे मुद्दाम करत नाहीत, कॉम्प्युटरमध्ये काम टाकलं की रेट आपोआप येतो आणि कुणी बघत नाही. तुम्ही दाखवलं की कमी करतात, फक्त दाखवायला पाहिजे.

म्हणून एकत्र करायच्या कामांची यादी नेहमी मनात ठेवा. ट्रॅक्टर तोडला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट तपासणी, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, इंजिनकडचं सील, गिअरबॉक्सकडचं सील, फ्लायव्हीलचा फेस आणि स्टार्टरचे दात जिथं लागतात ती रिंग. हेड काढलं की वॉल्व्ह, वॉल्व्ह सील, हेडचा फेस मशीनवर तपासून घेणं. रेडिएटर उतरवला की वॉटर पंप, होज पाईप, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट. मागची चाकं आणि हाऊसिंग काढलं की ब्रेक आणि अ‍ॅक्सलचं सील. सगळं बदलाच असं मी म्हणत नाही, बेअरिंग हातात फिरवून गुळगुळीत फिरत असेल आणि तास कमी असतील तर राहू द्या. पण सीलच्या बाबतीत मी आता विचारच करत नाही, उघडलं की बदलायचं.

जॉबकार्ड

ट्रॅक्टर तोंडी सांगून सोडून यायचा नाही. जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "क्लच बदलणे" असं लिहायचं नाही, "रोटावेटरला लोड आला की क्लच घसरतो, खालच्या भोकातून काळं ऑइल येतं" असं लिहायचं. पहिल्यात तुम्ही काम सांगताय, मग क्लच बदलून त्रास तसाच राहिला तरी ते म्हणणार तुम्ही सांगितलं ते केलं. दुसऱ्यात तुम्ही त्रास सांगताय, तो घालवायची जबाबदारी त्यांची.

त्याच कार्डवर आवर मीटर, टाकीत डिझेल किती, टूल बॉक्स, टॉपलिंक, हिच पिन हे सगळं लिहा. अंदाजे खर्च लिहून घ्या, मजुरी वेगळी आणि पार्ट वेगळे. आणि एक ओळ हमखास: "अंदाजापेक्षा जास्त खर्च निघाल्यास फोनवर विचारून मगच काम करणे." जुने पार्ट परत पाहिजेत हेही तिथंच लिहा. मग सही करा आणि कॉपी घ्या, नसेल देत तर मोबाईलवर फोटो काढा.

हे एवढं का सांगतोय, तर केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क कायद्यानं वर्कशॉपला असतो, भारतीय करार कायद्यात तसं कलमच आहे, 170 नंबरचं. म्हणजे भांडण बिल निघाल्यावर सुरू केलं तर ट्रॅक्टर त्यांच्याकडं आणि हंगाम तुमचा चाललेला. आधी लिहून घेतलेलं असलं तर भांडायची वेळ फार कमी येते.

खोलल्यावर तिथं उभं राहा

शक्य असेल तर ज्या दिवशी खोलणार त्या दिवशी जा. पूर्ण दिवस नको, खोलून झालं की फोन करा म्हणायचं आणि जायचं. मेकॅनिकच्या कामात लुडबुड करायची नाही, तो माणूस उन्हात पत्र्याखाली ऑइलमध्ये हात घालून काम करतो आणि त्याचा पगार तुमच्या बिलातल्या मजुरीएवढा नसतो हे लक्षात ठेवा, त्याच्याशी नीट बोला. त्या मजुरीत शेडचं भाडं, महागडी टूल्स, सुपरवायझर, पार्टवाला, लाईट सगळं असतं. चहा घ्या, विचारा की काय दिसतंय, अजून काय बदलावं वाटतं. खरं काय ते तोच सांगतो.

बाहेरच्या कामाकडं लक्ष ठेवा. ब्लॉक बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, डिझेल पंप आणि नोझल ही कामं बहुतेक शोरूममध्ये होतच नाहीत, बाहेर लेथवाल्याकडं नाहीतर पंपवाल्याकडं पाठवतात आणि बिलात वर पैसे धरून लावतात. नेण्या-आणण्याचे वाजवी पैसे घेतले तर माझी तक्रार नाही, पण मूळ पावती दाखवा म्हणा, किंवा स्वतःच नेऊन आणतो म्हणा. तसंच बिलाच्या शेवटी "किरकोळ" नावाची एक ओळ असते, त्यात सिलंट, कॉटन वेस्ट, धुवायचं डिझेल, ग्रीस असतं. ती ओळ छोटी पाहिजे. मोठी दिसली तर फोड मागा.

शेतावर मेकॅनिक बोलावला तर जाण्या-येण्याचा खर्च वेगळा लागतो, किलोमीटरवर का ठोक ते आधीच विचारा आणि त्रास इतका सविस्तर सांगा की तो पहिल्याच फेरीत बरोबर पार्ट घेऊन येईल. दुसरी फेरी तुमच्याच खिशातून जाते.

बिल आणि जीएसटी

पक्कं बिल घ्या. दुरुस्तीच्या मजुरीवर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे सहा हजार मजुरी तर वर 1080, एकूण 7080. दर विचारताना "जीएसटी धरून का सोडून" हे विचारलं नाही तर तिथंच हजाराचा फरक पडतो. पार्टचं मात्र बदललंय. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब, क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर, हायड्रॉलिक पंप अशा बऱ्याच पार्टवरचा 18 वरून 5 वर आला. सगळ्या पार्टवर नाही, इंजिन ऑइलवर अजूनही 18 आहे. म्हणून बिलात पार्ट आणि मजुरी वेगवेगळ्या ओळीत पाहिजेत, वेगळं दाखवलं की प्रत्येकाला त्याचा स्वतःचा दर लागतो, सगळं ठोक एका रकमेत लिहिलं की पार्टच्या कमी दराचा फायदा तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

जीएसटी लावलाय तर बिलावर 15 अक्षरी जीएसटी नंबर पाहिजे, महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो. ज्याच्याकडं नंबरच नाही त्याला जीएसटी घेता येत नाही, हे गावातल्या छोट्या गॅरेजलाही लागू आहे.

शोरूम का मिस्त्री

वॉरंटी संपल्यावर हा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे. ऑइल-फिल्टर, ब्रेक, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, पुढच्या चाकाचं बेअरिंग, रोटावेटरची पाती आणि सील ही कामं चांगल्या मिस्त्रीकडं करा, कमी पैशात होतात. इंजिन आणि क्लच चांगला मिस्त्री असेल तर तिथंही चालतं, मी करतो, पण पार्ट कंपनीचे स्वतः आणून देतो. हायड्रॉलिकचा कंट्रोल वॉल्व्ह, पॉवर स्टिअरिंग आणि सेन्सरवाली कामं शोरूमलाच.

50 एचपीच्या वरचे ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. 1 जानेवारी 2023 पासून त्या गटाला ट्रेम 4 चे प्रदूषण नियम लागू झाले, त्यामुळे त्यांच्यात बऱ्याच ठिकाणी कॉमन रेल (जास्त प्रेशरनं डिझेल सोडणारं) इंजिन आलं, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर आला, सेन्सर आले. बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो आणि तो सहसा डीलरकडंच असतो. तपासणीची मजुरी वेगळी लागते, मग काम करा किंवा नका करू. आधी विचारा की काम इथंच केलं तर तपासणीचे पैसे वजा करणार का, बरेच जण करतात. आणि या इंजिनाचे डिझेल पाईप जुन्या सवयीनं चालू इंजिनावर सैल करून हवा काढायला जाऊ नका, त्यात प्रेशर प्रचंड असतं, हाताला इजा होते.

वेळही पैसेच आहेत. मे-जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर आणि ऊस तोडणी सुरू होताना वर्कशॉपमध्ये जागा नसते, घाईत काम होतं आणि मजुरीत एक रुपया सुटत नाही. मोठं काम पावसाळ्याच्या मध्यात काढा, शेतात चिखल असतो, ट्रॅक्टर उभाच असतो. डीलर सर्विस कॅम्प घेतात त्यात मजुरीवर सूट मिळते, कधी आहे ते विचारून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना आणि नंतर

पैसे द्यायच्या आधी चालवून बघा, आणि नुसती गेटपर्यंत नाही, लोडवर. क्लच पॅडल, दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, खाली कुठं ओल आहे का. जुने पार्ट पिशवीत घ्या. केलेल्या कामाची गॅरंटी किती दिवस किंवा किती तास ते बिलावर लिहून घ्या, तोंडी "काही झालं तर या" याला काही अर्थ नाही. माझ्या पहिल्या वेळी मी हे केलं नव्हतं म्हणूनच दुसऱ्या वेळी मजुरी परत भरली.

तरीही अन्याय झाला असं वाटलं तर आधी डीलरच्या मालकाला भेटा, सुपरवायझरला नाही, मग कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून तक्रार नंबर घ्या. नाही सुटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही आणि वकील पाहिजेच असंही नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी कायद्यानं ग्राहकच आहे, धंद्याची गाडी म्हणून कुणी परत पाठवायला लागलं तर हे सांगा. केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये राईट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलंय, त्यात शेती अवजारं हा वेगळा विभाग आहे, कंपन्यांनी मॅन्युअल आणि दुरुस्तीची माहिती तिथं द्यावी असा उद्देश आहे, तुमची कंपनी त्यात आहे का बघून घ्या.

आयोगाकडं जायची मुदत दोन वर्षं असते, तोवर जॉबकार्ड, बिल आणि फोटो फेकू नका. मी एक वही केलीय, डाव्या पानावर तारीख आणि आवर मीटर, उजव्या पानावर काय खोललं, आत काय दिसलं, काय बदललं आणि मजुरी किती दिली. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की सील गेलंय तर मी आधी वही काढतो आणि बघतो की ते किती तासांपूर्वी बदललं होतं.